चालत्या इंजिनाचं माप

पिंपरी पेंढारमध्ये मामांच्या रेडिओच्या दुकानासमोरून ट्रॅक्टरची ट्रॉली नेणं म्हणजे जकात नाका ओलांडणं. मामा हातातलं काम टाकून रस्त्यावर येत. "मागं दिवा हाय का?" नसला तर ट्रॉली हलू देत नसत. लोक वैतागून लांबच्या वाटेने जात, पण तोंडावर कुणी बोलत नसे. मामी गेली ती बिनदिव्याच्या ट्रॉलीत, मागून ट्रक येऊन.

पुढे एलईडीचे लाल दिवे मिळू लागले आणि मामांना वेडच लागलं. चार दिव्यांची ओळ, जास्तीचा करंट अडवायला एक रेझिस्टर, आणि जोडणी ट्रॅक्टरच्या बॅटरीला. रेझिस्टर ठरवण्याआधी इंजिन चालू करायचं, मगच मीटर लावायचा. "उभ्या ट्रॅक्टरचं माप घिऊ नको. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी इंजिन चाललं की चौदावर जाती." शेवटी रेझिस्टरवर बोट ठेवत. चटका न बसता बोट टिकलं तर पास.

माझा चुलतभाऊ नामा हिशोबाला पक्का. "दोन-दोन व्होल्टचे सहा दिवे, झाले बारा. रेझिस्टर कशाला?" उभ्या ट्रॅक्टरवर त्याचे दिवे झकास लागले. त्याच ट्रॉलीतून वऱ्हाड मंचरला गेलं, ट्रॅक्टरवर नामाच. जाताना ऊन होतं, दिव्यांची गरज पडली नाही. परतताना दिवेलागणीला मामांनी मला मोपेडवर मागे बसवलं आणि हातात टॉर्च दिली. "तायडे, आपुन ट्रॉलीच्या मागंच राहायचं."

हायवेला लागलो, आणि डोळ्यांवर येणारे ते लाल दिवे एकदम जळून गेले. पुढे काळोखात माझी आई, बायका, लेकरं. मागून ट्रकची रांग. मामांचा हॉर्न नामाला ऐकू जाईना. "मागं वळून टॉर्च हालवीत राहा." एक ट्रक इतक्या जवळून गेला की मोपेड डगमगली. मला रडू फुटलं. मामांनी मोपेड कडेला घेतली नाही. शेवटी आईला टॉर्च दिसली आणि बायकांनी ओरडून ट्रॅक्टर थांबवला.

मामांनी पिशवीतून आपली तयार ओळ काढून जोडली. इंजिन चालूच ठेवलं. "नामा, ठेव बोट." नामाने बोट ठेवलं. एवढं होऊनही मामा त्याला रागावले नाहीत. असं न रागावणं मला आजही जमत नाही.

मामांच्या दहाव्याला आम्ही नामाच्याच ट्रॉलीतून नदीवर निघालो. सगळे बसले, इंजिन सुरू झालं आणि नामा खाली उतरला. दिवा लावून मागे आला, रेझिस्टरवर बोट ठेवून उभा राहिला.

"ऊन हाय की रं," कुणीतरी म्हणालं.

"असू द्या," नामा म्हणाला. बोट काही त्याने लवकर काढलं नाही.