जगनच्या बोटांना न कळणारं फडकं

मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात जगनच्या दोन्ही हातांवर ॲसिड उडालं, तेव्हा त्याच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. जखमा भरल्या, पण बोटांची टोकं जाड, खरबरीत झाली आणि त्यांतली जाणीव गेली. चहा गरम आहे की गार, हे त्याला ओठाला लागल्यावरच कळायचं. कारखाना सुटला. मग तो जवळच्याच सीतारामच्या गॅरेजमध्ये गाड्या धुवायला, पॉलिश करायला लागला.

काम त्याला आवडलं. पण सत्त्याण्णव साली एका गिऱ्हाइकाची नवीकोरी काळी गाडी त्याने नेहमीच्या पिवळ्या फडक्याने पुसली, उन्हात काढली, तर बॉनेटभर बारीक ओरखडे! फडक्यात वाळूचा कण अडकलेला. दुसऱ्या कुणाच्या बोटाला तो लागला असता. गिऱ्हाईक आरडाओरडा न करता नुसतं त्या ओरखड्यांवरून नख फिरवत राहिलं. सीतारामने सांभाळून घेतलं.

तेव्हापासून जगनचा जीव थाऱ्यावर राहिना. जेवता जेवता उठायचा आणि दोरीवरची फडकी झटकायला लागायचा. धुतलेलं परत धुवायचा. रस्त्यात उभी असलेली काळी गाडी दिसली की तिच्याभोवती फिरून बॉनेट बघायचा. एकदा ड्रायव्हरने चोर समजून हटकलं, तरी सवय गेली नाही.

"अहो, घास तरी संपवा," बायको सुमती म्हणायची.

"संपवतो गं. एवढं एक बघून येतो."

त्या दिवाळीत सीतारामचा मेव्हणा दुबईहून आला. त्याने गाड्या पुसायचे मायक्रोफायबरचे टॉवेल आणले होते, काही निळे, काही पिवळे.

"घे जगन," सीताराम म्हणाला. "तिकडे म्हणे सगळे हेच वापरतात. उद्या लग्नाची गाडी आहे, काळीच. यानेच कर."

जगनने निळा टॉवेल हातात घेतला आणि दचकून सोडला. त्याचे तंतू बोटांच्या खरबरीत कातडीला चिकटत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादं कापड बोटांना जाणवलं, आणि तेही असं, काट्यासारखं ओढत.

"शेठ, हे रंग खाईल."

"अरे, तुझ्या हाताला चिकटतंय, गाडीला नाही."

जगनला पटलं नाही. टॉवेल घेऊन तो घरी आला. फळीवरची भीमगीतांची कॅसेट काढून तिच्या पारदर्शक डबीवर निळ्या टॉवेलचा मधला भाग घासला. डबी खिडकीशी धरली. स्वच्छ. मग काठ घासला, तर केसासारख्या रेघा उठल्या. पिवळ्याचं तसं झालं नाही. त्याने परत घासलं, परत खिडकीकडे गेला. पुन्हा तेच.

"माझी डबी कशाला खराब करताय?" सुमतीने टॉवेल ओढून घेतले. घरबसल्या ती उल्हासनगरच्या कारखान्यांत शिवलेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायची. हाताला कापडाची सवय होती. तिने निळ्याचा काठ चिमटीत धरला. "शिवण नायलॉनची आहे. टोचते. पिवळ्याची मऊ आहे, पण ह्या कोपऱ्यातली कंपनीच्या नावाची चिठ्ठी कडक आहे, बघा." तिने कात्रीने चिठ्ठी उसवली आणि टॉवेल स्वतःच्या गालावरून फिरवला. "हा न्या."

"नक्की?"

"मी सांगतेय ना."

"तू उद्या येशील?"

सुमतीने त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याने असं काही कधी मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेली. गॅरेजमधले सगळे वळून बघत होते. ती पदर खोचून बादलीजवळ बसली. प्रत्येक टॉवेल ती आधी चाचपायची, मगच जगनच्या हातात द्यायची. एक जमिनीवर पडला, तो तिने बाजूलाच टाकला. जगन पुसायचा, थांबायचा, उन्हात वाकून बघायचा, परत पुसायचा. सीताराम तीनदा येऊन ओरडून गेला.

गाडी उन्हात काढली. बॉनेटवर एकही रेघ नव्हती. तरीही जगनने गाडीभोवती चकरा मारल्या, तिकडून, इकडून, खाली बसून.

"झालं की आता," सुमती म्हणाली.

पुढच्या महिन्यापासून सीतारामने तिलाही कामावर घेतलं. दोनेक वर्षांनी दोघांनी कोपरला स्टेशनजवळ स्वतःचं काम सुरू केलं. फडकं कुठलं वापरायचं ते सुमती ठरवायची आणि त्यावर जगन कधी वाद घालायचा नाही. मात्र गिऱ्हाईक गाडी घेऊन निघालं की हा नाक्यापर्यंत त्या गाडीमागे चालत जायचा, रंगावर ऊन कसं पडतंय ते बघत. सुमती हाक मारायची. तो मान हलवायचा आणि आणखी थोडा पुढे जायचा.