ट्रॅक्टरखाली

बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं ऑइल गळत होतं आणि खाली शिरल्याशिवाय काही दिसणार नव्हतं. अंगणातल्या सपाट फरशीवर तो उभा केला, ब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. पुढून जॅकनं हळूहळू उचलला, बाभळीचे दोन जाड ठोकळे आत सरकवले आणि जॅक सैल करून सगळं वजन त्यांच्यावर सोडलं. जॅक उचलण्यापुरता असतो. धरून ठेवायचं काम ठोकळ्यांचं.

माझी बायको सुमन गेली तेव्हा मला उचलायला पुष्कळ माणसं आली होती. तेराव्यानंतर सगळी आपापल्या घरी गेली. त्यांना तरी काय बोलणार, त्यांनाही घरं आहेत.

सुमनला ट्रॅक्टरमधलं काही कळत नसे. पण मी खाली शिरलो की ती मेथी निवडायला पायरीवर येऊन बसायची आणि थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "आहात ना?"

मी वैतागायचो. "जाणार कुठे?" म्हणायचो.

आज शिरण्याआधी ट्रॅक्टर दोन्ही हातांनी ढकलून पाहिला. जागचा हलला नाही. पाठीखाली पोतं घेऊन आत सरकलो. खालून पायरीचा तेवढाच तुकडा दिसतो, जिथे तिची पावलं दिसायची. सैल झालेला नट सापडला, तो आवळला. ठोकळे पक्के होते, भिण्यासारखं काही नव्हतं.

बराच वेळ गेला. कुणी विचारलं नाही.

तरी मी म्हणालो, "आहे."