बाईंना दाखवायचा राहिलेला झरा

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि तो झालो तालुक्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंमुळे. परवा गाडीची डिकी झाडताना मॅटखालून खारी वाळू निघाली आणि ती सकाळ आठवली. बाईंनी जन्मभर वाळवंटातलं मरुद्यान शिकवलं, पण पाहिलं कधीच नव्हतं. आता त्यांची नजर झपाट्याने अधू होत होती, म्हणून आमची एका मरुद्यानाची सहल ठरली तेव्हा मी कबूल केलं होतं, ‘झऱ्यापाशी पोचलो की व्हिडिओ कॉल करतो.’ आम्ही चौघे मित्र कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून गाडीने निघालो, वाटेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या भेगाळ जमिनीमागे अचानक ताडांची हिरवी रांग दिसली, ओल्या मातीचा वास आला, आणि तळाची वाळू हलवत वर येणारं नितळ पाणी समोर आलं. मी फोन काढला, तर रेंजच नाही. “ऑफिसात दिवसभर लोकांचं नेटवर्क सांभाळतो आपण, आणि इथलं कव्हरेज कुणीच चेक केलं नाही?” मी ओरडलो. “रेकॉर्ड कर यार, नंतर पाठव. आधी धपाटे खा,” एक जण डबा उघडत म्हणाला. “रेकॉर्डिंगला बाई प्रश्न कसे विचारणार?” मी चिडून म्हणालो. फोन उंच धरून टेकडीवर चढलो, पण व्यर्थ. परतीच्या वाटेवर रेंज आली तेव्हा तिकडे भारतात रात्र बरीच झाली होती, बाई वाट पाहून झोपल्या होत्या. ती चडफड अजून गेलेली नाही. घरी येऊन मी ठळक अक्षरांत पत्र पाठवलं: ‘बाई, पाणी कोमट आहे, चवीला किंचित खारट. ते कुठून येतं, मला नीट सांगता येत नाही. तुम्ही सोबत असता तर आधी काय विचारलं असतंत, तेवढं कळवा.’