दहावा माणूस

थोरली मुलगी मॅट्रिक झाली आणि मुंबईच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला तिला जागा मिळाली. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट सुटली की रत्नागिरीचं बंदर बंद होई. घाटावरून फेरा घालून जायला सोबत नव्हती, या बोटीने मात्र शेजारचं कुटुंब जाणार होतं. ही बोट चुकली तर जागा दुसरीला जाणार, हे दवाखान्याने स्पष्ट कळवलं होतं.

माझा नवरा जहाजावर इंजिनखात्यात होता, त्या वेळी कुठल्या समुद्रात होता देव जाणे. तेव्हा निर्णय मामंजींचा. ते पलटणीतून निवृत्त झालेले. म्हणाले, "नबींच्या नावाने मलिदा करू. मग देव सुचवील तसं."

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू; नबी म्हणजे आमचे प्रेषित. गोड पोहे, खोबरं, फळं मांडून मलिदा करायचा, पण प्रार्थनेला दहा पुरुष हवेत. गावात आमची घरं थोडी, त्यातले निम्मे पुरुष मुंबईला. आमचे हिंदू शेजारी देवाला कौल लावत. तिथे फूल उजवीकडून पडतं की डावीकडून, एवढंच बघायचं. आमच्याकडे माणसं लागतात, आणि माणूस फुलापेक्षा लबाड.

पहिल्यांदा पोहे भिजवले तेव्हा नऊच जमले. धाकटे दीर आले नाहीत. संगमेश्वरला तेलाचं गिऱ्हाईक होतं म्हणे. दुसऱ्यांदाही नऊच. भावजींचं पोट बिघडलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांच्या चुलीवरून बांगडे तळल्याचा वास आला. पोट बिघडलेल्या घरात बांगडे कोण तळतं?

मला संशय आला, आणि त्याला कारण होतं. जाऊबाईंची कमर धरल्यापासून त्यांचं पाणी, दळण, पोरं, सगळं माझी मुलगी बघत होती.

बोटीच्या आदल्या दिवशी भावजी आपणहून आले आणि चहा घेत ऐसपैस बसले.

"वहिनी, घाई नको. धर्मग्रंथातल्या आपल्या पहिल्या राजाचं काय झालं, विसरलात? त्या काळचे नबी येईपर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं. थांबला नाही, स्वतःच होम पेटवला. राज्य गेलं."

"सात दिवस थांबला होता," मी म्हटलं. "समोर शत्रू, मागे सैन्य पळतंय. आणि नबी आले कधी? होम पेटल्याबरोबर. तोवर होते कुठे?"

"नबींवर संशय घेता?"

"नबींवर नाही. वेळेला गायब होणाऱ्यांवर. त्यांचंही संगमेश्वरला गिऱ्हाईक असेल."

मामंजी हसले नाहीत. म्हणाले, "त्याच राजाचा मुलगा बापाला न विचारता एका शिपायाला घेऊन कडा चढला. लढाई त्याने फिरवली."

"पण बाबा, त्यानेही आधी देवाची खूण मागितली होती."

"मागितली. शत्रूच्या डोळ्यांसमोर उभं राहून मागितली. घरात चहा पीत नाही."

मला तेवढं पुरे होतं. "मामंजी, मुलगी उद्या बंदरावर जाईल. देवाला अडवायचं असेल तर तो तिथे अडवील."

मामंजींनी होकाराची मान हलवली.

सकाळी बंदरावर भावजी आमच्या आधी हजर. मी चकित झाले, आणि सावधही. मुलीची ट्रंक त्यांनी उचलून घेतली आणि खाली ठेवीनात.

"वहिनी, समुद्राचा रंग बघा. खूण म्हणतात ती हीच."

मी समुद्राकडे बघितलं नाही, लांब उभ्या आगबोटीपर्यंत होडीने माणसं नेणाऱ्या पडाववाल्याकडे बघितलं. तो विडी ओढत आरामात बसला होता.

"काय रे, जाईल ना पडाव बोटीपर्यंत?"

"न जायला काय झालं? उगाच बसलोय होय मी?"

"ट्रंक द्या, भावजी."

त्यांनी दिली. मी मुलीला शेजारच्या कुटुंबासोबत पडावात बसवलं. रडायला मी तिला वेळ दिला नाही आणि मीही घेतला नाही. पडाव आगबोटीला लागेपर्यंत भावजींना कुठल्याही नावाड्याशी बोलू दिलं नाही. वरून पोरीने हात केला, तेव्हा कुठे मी घरची वाट धरली.