बायनरी, नर्सरी आणि आमचं एफटीपी

किस्से जमवावे लागत नाहीत हो, फक्त फोन उचलावा लागतो! परवा शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या आणि म्हणाल्या, "तुझं काम कसं, कॉम्प्युटरचं. बोअर होत असेल ना?" बोअर? मी बोलायला लागले ती थांबेचना. समोरची कॉफी गार झाली, दुसरी मागवली, तीही गार झाली.

आमचं ऑफिस म्हणजे वसई रोडला, पश्चिमेला, मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. काम वेबसाइट होस्टिंगचं. लोकांच्या वेबसाइट आमच्या सर्व्हरवर राहतात, आणि घरच्या कॉम्प्युटरवरून तिथे फाईली चढवायला आमची बरीच गिऱ्हाइकं अजून एफटीपीच वापरतात. "एफटीपी? ते अजून आहे?" असं लोक विचारतात. आहे, बाबांनो! चांगलं धडधाकट आहे, आणि आम्हाला पळवतंय!

माणसं आम्ही तीन. मालक दळवी सर, गिरीजची मर्लिन आणि मी. फोन वाजला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, काहीच चालत नाहीये!" पुढे मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

* * *

निर्मळच्या एका फूलवाल्या बागायतदारांचा फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, माझ्या सोनचाफ्याची वाट लागली!"

मला वाटलं, कीड पडली. म्हटलं, "काका, ते कृषी खात्याला..."

"अहो झाडावरचा ठीक आहे! वेबसाइटवरच्याची वाट लागली!"

उघडून बघितलं. चाफ्याच्या जागी हिरवे-गुलाबी पट्टे. मोगरा अर्धाच. जास्वंद तर उघडायलाच तयार नाही. बघताक्षणी कळलं. एफटीपीमध्ये फाईल पाठवायचे दोन मोड असतात. आस्की मोड मजकुरासाठी, त्यात पाठवताना ओळींच्या शेवटाच्या खुणा बदलल्या जातात. फोटो मात्र जसाच्या तसा जायला हवा, त्याला बायनरी मोड. काकांनी सगळी फुलं आस्कीतून पाठवली होती.

मी उत्साहात ओरडले, "काका, सापडलं! तुमचे फोटो आस्कीत नको, बायनरीत टाका!"

काका एकदम तडकून, "मॅडम, नीट बोला हां. आमची वाडी आहे, वाडी! नर्सरी नाही!"

* * *

दुसरे एक गृहस्थ, निवृत्त मराठीचे शिक्षक. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट तेच सांभाळतात. त्यांची तक्रार अशी की लॉगिन होतं, पासवर्ड चालतो, पण फाईलींची यादी येण्याच्या जागी सगळं गोठून बसतं.

हे दुखणं आमच्या ओळखीचं. म्हटलं, "गुरुजी, तुमचं कनेक्शन अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये आहे. ते पॅसिव्ह करा."

"अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह? म्हणजे कर्तरीचं कर्मणी?"

मी समजावलं. अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये फाईल द्यायला-घ्यायला सर्व्हर उलट तुमच्या घरी येतो. तुमच्या इंटरनेटच्या डब्याला तो अनोळखी, म्हणून डबा त्याला दारातूनच हाकलतो. पॅसिव्हमध्ये सर्व्हर आपल्या जागी बसून राहतो, लॉगिनला आणि फाईलला, दोन्ही वेळा तुम्हीच त्याच्याकडे जाता.

"म्हणजे सगळी हालचाल मीच करायची, आणि नाव पॅसिव्ह?"

"हो, गुरुजी."

"कोणी ठेवलं हे नाव? त्याला माझ्याकडे पाठवा!"

पण बदल केला त्यांनी. फाईल सुळकन गेली. मी विचारलं, "गेली ना?" तर म्हणाले, "मी फाईल चढवली." आणि एकदम टाळी दिल्यासारखे ओरडले, "अहो बाई! 'मी फाईल चढवली.' क्रियापद फाईलप्रमाणे चाललं की! हा कर्मणीच प्रयोग! म्हणजे पहिल्यापासून पॅसिव्ह मीच होतो, तुमचं मशीनच चुकलं!"

* * *

मर्लिनच्या मावशी त्यांच्या पॅरिशच्या क्वायरचं, म्हणजे चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींचं, पान चालवतात. सणाचे फोटो चढवले. घरच्या कॉम्प्युटरवर सगळे दिसतात, वेबसाइटवर एकही नाही! मोड बरोबर, कनेक्शन बरोबर, फोल्डर बरोबर. मावशी वैतागून स्वतःच ऑफिसात आल्या, हातात केळ्यांची फणी घेऊन.

मर्लिनने बघितलं आणि हसायलाच लागली. फाईलींची नावं कॅपिटल अक्षरात होती आणि पानावर स्मॉल. घरच्या कॉम्प्युटरला त्याने काही फरक पडत नाही, पण आमचा सर्व्हर काटेकोर.

"मावशी, ह्या सर्व्हरला ना, मोठं-लहान कळतं."

मावशींनी केळी टेबलावर ठेवली, सर्व्हरच्या स्क्रीनकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाल्या, "बरं वळण लावलंय! आमच्या क्वायरमधल्या पोरांना आणते इथे."

* * *

गिरीजचंच एक मोठं एकत्र कुटुंब आहे, त्यांचं घरगुती लोणची-मसाल्यांचं दुकान वेबसाइटवर चालतं. फाईली चढवायचं काम धाकट्या सुनेकडे. तिचं कनेक्शन दर वेळी मधेच तुटायचं. आम्ही केबल बदलायला लावली, फायरवॉल बघितली, अँटीव्हायरस बंद करून बघितला. काही उपयोग नाही. दळवी सरांनी तर पैजच लावली की दोष इंटरनेट कंपनीचा आहे.

शेवटी मी फोनवरच बसून राहिले. म्हटलं, "ताई, आत्ता चढवायला घ्या. काय काय होतं ते सांगत राहा."

"लॉगिन झालं. फाईल टाकली. आता ते विचारतंय, ह्या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का?"

"मग?"

"मग मी आलेच हां."

गेली! फोन तसाच चालू. लांबून बोलण्याचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं, पुन्हा बोलणं. मी वाट बघतेय, बघतेय. आमचा सर्व्हरही वाट बघत होता, पण त्याचा संयम बेताचा. कोणी बराच वेळ काही बोललं नाही की तो कनेक्शन कापून टाकतो.

ताई धापा टाकत परत आल्या. "बघा! तुटलं परत!"

"ताई, तुम्ही गेला कुठे होता?"

"वाडीत. मोठ्या काकांना विचारायला, बदलू का म्हणून. आमच्याकडे त्यांना विचारल्याशिवाय काही बदलत नाही."

हसू दाबत मी सर्व्हरची वाट बघायची वेळ वाढवली. तरी पुरेना! मग मी सुचवलं की काकांनाच शेजारी खुर्ची द्या. तेव्हापासून फाईल चढवायची म्हटलं की काका आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसतात. प्रश्न आला की जरा विचार करतात आणि म्हणतात, "होऊ दे!" कनेक्शन एकदाही तुटलेलं नाही.

* * *

आता दळवी सरांचा. एके सकाळी त्यांनाच आमच्या सर्व्हरवर लॉगिन होईना. कनेक्शन नाकारलं! आपल्याच घरात प्रवेश नाही! सर उठून उभे राहिले. हल्ल्याची शंका आली की ते उभ्यानेच काम करतात.

"मर्लिन, लॉग काढ! कोणीतरी आत घुसायला बघतंय!"

मर्लिनने फोनच्या इंटरनेटवरून आत शिरून लॉग काढला. खरंच! एकाच पत्त्यावरून चुकीचे पासवर्ड, लागोपाठ, धडाधड. आणि सरांनीच बसवलेल्या फायरवॉलने त्या पत्त्याला कायमचं बाहेर काढलं होतं.

"बघितलंत? माझी फायरवॉल! पकडला की नाही चोर!" सरांची छाती फुगली. "पत्ता शोध त्याचा. रशिया असणार."

मर्लिन शोधायला लागली. "सर, भारतातलाच आहे."

"असं?"

"सर... वसईचाच आहे."

सरांनी खिडकीचा पडदा ओढला! "इथलाच? ह्या भागातला? नीट बघ, बिल्डिंग कळते का?"

मर्लिनने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा सरांच्या कीबोर्डकडे, जिथे कॅप्स लॉकचा दिवा छान हिरवा पेटलेला होता, आणि अगदी आदराने म्हणाली, "सर, चोर उभा आहे. त्याला बसायला सांगू का?"

* * *

आणि हा शेवटचा. हा सांगताना मला अजून टेबलावर हात आपटावासा वाटतो.

उमेळ्याचे विनायककाका. त्यांची बेंजो पार्टी होती, लग्नाकार्यात वाजवायची. तिची वेबसाइट आमच्याकडे होती. काकी गेल्यावर त्यांनी पार्टी बंद केली, वेबसाइटही बंद करायला सांगितली, आणि त्याआधी सगळ्या फाईली स्वतः एफटीपीने घरी उतरवून घेतल्या. आम्ही खातं पुसलं. ह्याला बरेच महिने झाले.

एका सकाळी काका पेन ड्राइव्ह घेऊन ऑफिसात. "पोरी, उद्या माझ्या लेकीची, सायलीची हलद. तुझ्या काकीने पुतणीच्या लग्नात गानी म्हटली होती ना, ती मी रेकॉर्ड करून वेबसाइटवर ठेवली होती. सायली बोलली, माझ्या हलदीला आईचीच गानी लावायची. काल उघडली तर नुसती खरखर."

"दुसरीकडे कुठे कॉपी?"

"नाय. होती ती तुमच्याकडेच."

मर्लिनने आणि मी एकमेकींकडे बघितलं. आमच्याकडचं आम्हीच पुसलेलं! जुने बॅकअपही केव्हाच मोडीत निघालेले.

पेन ड्राइव्ह लावला. फाईलचं नाव नुसतं 'हळद'. पुढे टिंब नाही, एमपीथ्री नाही, काही नाही. तिथेच डोक्यात ट्यूब पेटली. एफटीपीचा प्रोग्रॅम नावाच्या शेपटीवरून ठरवतो, फाईल कसली आहे ते. शेपटीच नाही, तर त्याने तिला मजकूर समजून आस्की मोडमध्ये उतरवलं! काकींचा आवाज ओळी समजून उतरला होता, आणि प्रत्येक 'ओळी'च्या शेवटी एक जास्तीची खूण घुसली होती.

"म्हणजे गेली?" काकांनी विचारलं.

दळवी सर केबिनमधून बाहेर आले. उभेच राहिले. "थांबा! उतरवताना खूण घातली गेली. मग चढवताना काय होतं?"

"काढली जाते!" मर्लिन आणि मी एकदम ओरडलो.

तीच चूक, उलटी करायची! फाईल आस्कीतूनच परत सर्व्हरवर चढवायची, म्हणजे घुसलेल्या खुणा निघतील. मग बायनरीतून खाली उतरवायची. दिवसभर गिऱ्हाइकांना "आस्की नको, आस्की नको" म्हणून ओरडणारी मी, त्या दिवशी हौसेने आस्कीवर टिचकी मारत होते!

"होईलच असं नाही हां, काका," सर म्हणाले. "सगळे सर्व्हर सारखे वागत नाहीत."

फाईल चढायला लागली. काका खुर्चीच्या टोकावर. मर्लिनने क्रॉसची खूण केली. चढली! बायनरी लावलं, उतरवायला घेतली. अर्ध्यावर अडकली! पुन्हा सरकली. उतरली! नावाला एमपीथ्रीची शेपटी जोडली. सर्व्हरवरची प्रत, माझ्या कॉम्प्युटरवरची प्रत, पेन ड्राइव्हवरची प्रत, सगळं आधी ठेवलं, आणि मग प्ले दाबलं.

आधी भांड्यांचा आवाज. बायकांचं हसणं. कुठेतरी मूल रडतंय. खरखर नाही! स्वच्छ! मर्लिनने माझा दंड असा दाबला की वळ उठला.

मग अगदी जवळून, ठसठशीत, एका बाईचा आवाज आला, "अहो, ते मशीन चालू केलंत का? की नुसतेच धरून बसलात?"

काका खुर्चीतून उठले, स्पीकरपाशी वाकले आणि म्हणाले, "केलाय गं, केलाय. तू म्हन."