मुलींच्या बसमधला डबा

प्रीताची आमच्या घरातली पहिली एन्ट्री मला लख्ख आठवते. दार उघडंच होतं. एका हातात रिकामा कुकर, खांद्यावर पिवळ्या चेंडूंनी भरलेली जाळीची पिशवी, अशी ती थेट स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे मोठी परात आहे का? उद्या माझ्या वीस मुली जेवायच्यात."

"कोणाचं लग्न गं?"

"लग्न कुठलं? मॅच आहे."

मी तेव्हा मुलाकडे, विनयकडे, अमेरिकेत पिस्कॅटवेला नुकतीच राहायला आले होते. रंगभूमीवर आयुष्य गेलं, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या भूमिकांत, त्यामुळे समोरचं माणूस पुढे काय बोलणार हे मला कळतं अशी माझी समजूत होती. शेजारच्या या बाईने ती पहिल्याच प्रवेशात मोडली. मी परात दिली आणि बटाटे सोलायला बसले.

प्रीता मूळची नागपूरची. तिथे सहकारी बँकेत होती. नवरा सुमंत सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या व्हिसावर ती इथे आली आणि कितीतरी वर्षं तिला काम करायची परवानगीच नव्हती. परवानगी मिळाली तोवर लेक अबोली हायस्कूलला पोचली होती. बँकांनी प्रीताला गोड बोलून वाटेला लावलं. तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या कॉलेजने मात्र ठेवून घेतलं. काम खेळ विभागाच्या हिशेबाचं. बस ठरवायच्या, अंपायरांचे पैसे द्यायचे, गणवेश मागवायचे, बाहेरगावच्या सामन्यांना खेळाडूंच्या जेवणाची सोय बघायची. पहिली भूमिका देणाऱ्या दिग्दर्शकाबद्दल आम्हा नटांना जे वाटतं, ते तिला त्या कॉलेजबद्दल वाटायचं.

तिथला खेळांचा व्यवहार मला तिनेच समजावला. मोठ्या विद्यापीठांच्या मॅचेस टीव्हीवर दिसतात, तिथे खेळाडूंना शिष्यवृत्त्या मिळतात. या छोट्या कॉलेजात तसलं काही नाही. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलीला पुढची चार वर्षंही खेळायचं असतं, म्हणून ती फी भरून इथे येते. तिच्या फीवर इतिहासाचा वर्ग चालतो आणि ग्रंथालयाचे दिवे लागतात.

"म्हणजे टीम बंद पडली तर मुली येणार नाहीत?"

"कशाला येतील मावशी? इतिहास काय, दुसरीकडेही शिकता येतो."

त्या वर्षी कॉलेजात विद्यार्थी कमी आले होते आणि वरून सगळ्या विभागांना काटकसरीचा हुकूम सुटला होता. प्रीताला हे नवीन नव्हतं. तिने बाहेरगावच्या जेवणाचा खर्च पाहिला. एकेका मुलीमागे हॉटेलात जेवढे जातात, त्यात आपल्याकडे घरभर माणसं जेवतील! मुलींच्या सॉफ्टबॉलची कोच रेनी तरुण होती, नवीन होती, कशालाही नाही म्हणायला कचरायची. प्रीताने तिला विचारलं, मग मुलींना विचारलं, "मी घरून काही आणलं तर चालेल का?" मुली म्हणाल्या, "शुअर!" आणि बटाट्याची भाजी भरलेल्या पोळ्यांच्या गुंडाळ्या दर सामन्याला बसमध्ये चढू लागल्या.

एकदा मीही त्या बसमध्ये चढले. पेनसिल्व्हेनियात एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने होते. मागच्या बाकांवर गाणी, पुढे कोणीतरी झोपलेलं, मधल्या वाटेत बुटांचा ढीग, आणि सगळ्यांवर पसरलेला घामाचा आणि हिंगाचा वास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. दौऱ्यावरची आमची गाडी अगदी अशीच असायची. टेसा नावाची एक उंच, लाल केसांची मुलगी दोन गुंडाळ्या खाऊन तिसरीकडे बघत होती. प्रीताने आपल्या वाट्याची तिला दिली.

"तू काय खाशील?" मी म्हटलं.

"मला सवय आहे."

जूनमध्ये कॉलेजचं वर्ष संपलं, तेव्हा मुलींच्या सॉफ्टबॉलच्या नावावर चांगली घसघशीत रक्कम उरली होती. प्रीताने ती मोठ्या दिमाखात परत केली. कर्मचाऱ्यांच्या पिकनिकला खेळ विभागाचे डायरेक्टर डग यांनी तिला समोर बोलावून कॉलेजचं चिन्ह असलेला कॉफीचा मग दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी तो मग घेऊन ती आमच्याकडे आली. सुमंत म्हणाला, "बघा मावशी, नागपूरच्या अर्थमंत्री! घरात मात्र माझ्या बिअरवर कपात." मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील अशा.

शरद ऋतूत पुढच्या वर्षाचे आकडे आले. तिथली पद्धत अशी की मागच्या वर्षी जेवढा खर्च झाला, तेवढीच तरतूद पुढे. मुलांच्या बेसबॉलने नेहमीसारखा जास्तच खर्च केला होता, म्हणून त्यांना वाढ मिळाली. मुलींच्या सॉफ्टबॉलचं भागलेलं दिसत होतं, म्हणून जेवढ्यात भागलं तेवढंच मिळालं. त्यातच बसचं भाडं वाढलं. लांबचे सामने रद्द करावे लागणार होते, आणि ते रद्द केले तर मोसमात उरतील ते इतके थोडे, की त्याला टीम म्हणायचं तरी कसं? डग यांनी सुचवलं की टीम एक वर्ष थांबवू या. एक वर्ष थांबलेली टीम परत उभी राहत नाही, हे बसच्या ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक होतं. रेनीने नोकरी शोधायला सुरुवात केली. टेसा दुसऱ्या कॉलेजांना फोन करू लागली.

प्रीता आधी चिडली. "मी वाचवून दिले, आणि हे मलाच शिक्षा करतात!"

एका शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. प्रीता पुन्हा तेच सांगत होती. अबोली फोनवर काहीतरी बघत वरण-भात कालवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आई, डिड द बॉईज गेट डबाज टू?"

"काय?"

"बेसबॉलवाल्यांना. त्यांनाही तू पोटॅटो रॅप्स द्यायचीस का?"

"अगं, मुलं ती. त्यांना बटाट्याच्या पोळीने काय होतंय? ती कुरकुर करतात, त्यांचा कोच फोन करतो—"

प्रीता मध्येच थांबली. सुमंतने वाटी उचलून परत खाली ठेवली. अबोलीने आता मान वर केली होती. ती आईकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"सो यू नेव्हर आस्क्ड देम," ती म्हणाली.

प्रीताच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. रंगमंचावर तो उतरवायला आम्हाला प्रकाशयोजनेची मदत लागते. इथे बाहेर लख्ख ऊन होतं. ती उठून ओट्याकडे गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुऊ लागली.

आणि मला आमची गाडी आठवली. मगाशी सांगितली तीच, जिच्या आठवणीने डोळे भरले होते. दौऱ्यावर गाव आलं की गाडी खानावळीपाशी थांबायची. पुरुष नट उतरून मटण-भाकरी खायचे. आम्हा बायकांसाठी व्यवस्थापक पोळी-भाजीची पुडकी गाडीतच पाठवायचा, कारण बायका खानावळीत बसलेल्या बऱ्या दिसत नाहीत, शिवाय खर्चही कमी. आम्ही गात गात खायचो. कोणी विचारलं असतं तर आम्हीही म्हणालो असतो, चालेल.

दोन दिवसांनी प्रीता माझ्याकडे आली. एका खेळाडूच्या वडिलांनी तक्रार केली होती. मुलगे आणि मुली यांच्या टीमना सारखी वागणूक द्यायची, असा इथे कायदाच आहे. पालकांसमोर खुली बैठक ठरली होती. डग यांनी प्रीताला आपल्या खोलीत बोलावून, अगदी प्रेमाने, सांगितलं होतं, "तू फक्त एवढंच सांग की डब्यांची कल्पना मुलींची होती. त्यांना आवडायचेच ना?"

"आणि आवडायचे हो मावशी," प्रीता म्हणाली. "खोटं कुठे आहे त्यात? 'शुअर' म्हणाल्या होत्या. मी असं म्हटलं तर कोणाची नोकरी जात नाही, माझीही नाही."

"आणि टीम?"

"टीम जाईल. तिला एवढंच पुरतं, असं मीच दाखवून दिलंय ना."

ती माझ्या सोफ्याच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, "आमच्या घरी दूध आधी दादाला. उरलं तर मला. मला कधी वाईटसुद्धा वाटलं नाही. माझ्या लेकीच्या बाबतीत मी असं कधी केलं नाही, याचा मला किती अभिमान होता! आणि दुसऱ्यांच्या लेकींचं..." मग तिने दुसरंच वाक्य धरलं. "रेनीला विचारलं कारण ती नाही म्हणणार नव्हती. मला माहीत होतं. विचारतानाच माहीत होतं."

तिने बैठकीसाठी लिहून आणलेलं भाषण मला वाचून दाखवलं. "'कॉलेजच्या सध्याच्या आर्थिक परिस्थितीचा विचार करता—'"

"पडदा," मी म्हटलं.

"अहो, पुढे तरी ऐका."

"प्रेक्षक पुढचं ऐकायला थांबणार नाहीत. तू आत्ता दुधाचं जे बोललीस, ते यात कुठे आहे?"

"ते इंग्लिशमध्ये कसं सांगू?"

"तू आत्ता जसं सांगितलंस तसं. आणि बोलताना डगकडे बघू नकोस. मुलींकडे बघ."

"तेच तर जमणार नाही, मावशी."

बैठक व्यायामशाळेशेजारच्या एका वर्गात होती. मी मागे बसले. सुमंत ऑफिसला दांडी मारून आला होता, त्याच्या शेजारी अबोली. मुली एका ओळीत, टीमची जॅकेटं घालून. डग बोलले. एक वडील बोलले, जरा जास्तच मोठ्याने. मग डग प्रीताकडे वळले. "प्रीता, हे डबे म्हणजे मुलींचाच उत्साह, नाही का?"

प्रीता उठली. हातातले कागद तिने खुर्चीवर ठेवले. पहिलं वाक्य तिला सापडेना. रंगमंचावरची असली शांतता काय असते ते मला माहीत आहे. विंगेतून शब्द पुरवणारा कोणीतरी असतो, या भरवशावर आम्ही ती सोसतो. इथे विंग नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "मी विचारलं. मुलांच्या टीमला मी विचारलं नाही. त्यांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. मुली नाही म्हणणार नाहीत, हे मला माहीत होतं, कारण मी स्वतः कधी नाही म्हटलं नव्हतं." तिचा आवाज चिरकला. तिने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. "मी जूनमध्ये परत केले ते उरलेले पैसे नव्हते. ते या मुलींचं जेवण होतं. त्या आकड्यावर टीम बंद करू नका. तो आकडा टीमचा नाही, माझा आहे."

ती मुलींकडे बघून बोलली. सगळं.

मग टेसाने तिला धीर द्यायला हात वर केला. "पण मॅम, रॅप्स मस्त होते!" सगळे हसले, डगसुद्धा सुटल्यासारखे हसले. प्रीता हसली नाही. ती खाली बसली आणि तिने दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं. अबोली उठून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, एवढंच.

टीम वाचली. कॉलेजने मुलींची तरतूद मुलांच्या बरोबरीला आणली. बेसबॉलची वाढ थोडी कमी झाली आणि त्यांचा कोच महिनाभर प्रीताशी बोलला नाही. रेनी राहिली. टेसा राहिली. प्रीताला कोणी काही बोललं नाही. "एकदा तरी कोणी ओरडा ना माझ्यावर," ती मला म्हणायची. तो कॉफीचा मग तिने कपाटात सगळ्यात मागे, चिन्ह भिंतीकडे करून ठेवला. डबे अर्थातच बंद झाले.

वसंतात मोसमाचा पहिला बाहेरचा सामना होता, आणि प्रीताने मला ओढून नेलं. सामना मुलींनी जिंकला. परतीच्या वाटेवर बस एका चांगल्या रेस्टॉरंटपाशी थांबली. लांब टेबल, पांढरे नॅपकिन, प्रत्येकीपुढे भलंमोठं मेनूकार्ड. प्रीता टेबलाच्या टोकाला उभी राहिली आणि म्हणाली, "आज जिला जे हवं ते मागवा. काहीही. प्लीज."

वेटर टेसापाशी आला. एवढी उंच मुलगी, सामना खेळून आलेली, नाकावर अजून माती. तिने कार्ड नीट वाचलं. तिचं बोट किमतींच्या रांगेवरून खाली खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"मला एक कप सूप," ती म्हणाली. मग प्रीताकडे बघून, शहाण्या मुलीसारखं हसून तिने विचारलं, "इज दॅट ओके, मॅम?"

शेजारच्या मुलीनेही सूपच सांगितलं. तिच्या शेजारचीनेही.

प्रीता खुर्चीची पाठ धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते. ती टेसापाशी गेली, वाकली, तिच्या हातातलं कार्ड घेऊन दुमडलं आणि किमती दिसणार नाहीत असं परत तिच्यापुढे धरलं. पण काय बोलावं ते तिला सुचेना, आणि मलाही तिला शब्द पुरवता आला नाही. वेटर पेन्सिल धरून थांबला होता.