विमानातून उतरल्यावरची सही

सुमतीताई गेल्याचे त्यांच्या भाचीने फोनवर सांगितले, तेव्हा माझ्या मनात दुःखाच्या आधी सुटकेची भावना आली. हे लिहिताना लाज वाटते. पण त्यांच्याविषयी लिहायचे तर इथूनच सुरुवात करायला हवी. त्यांच्या संग्रहातल्या एका लिफाफ्यावरची सही मी सर्वांदेखत खोटी ठरवली होती. ती खरी असल्याचे मला पुढे कळले, आणि कळूनही मी गप्प राहिलो. आता हे कधी बोलावे लागणार नाही, असे त्या क्षणी वाटून गेले...

ताई बँकेतून निवृत्त झालेल्या, सदाशिव पेठेत एकट्या राहणाऱ्या. नव्या विमानांच्या चाचणी उड्डाणांनिमित्त निघणारे खास टपाल-लिफाफे त्या जमवीत. त्यांवर ते विमान उडवणाऱ्या वैमानिकाची सही असली, तर त्यांच्या लेखी त्या लिफाफ्याला खरा मान. अशा सह्यांची नक्कलही पुष्कळ होते. ती ओळखायला मला त्यांनीच शिकवले. लिफाफा आधी उलटा धरायचा, म्हणजे नाव वाचले जात नाही, नुसती रेघ दिसते. "नाव वाचलंस की फसलास," त्या म्हणत. "आणि गोष्ट ऐकायची नाही. खोट्या सहीबरोबर नेहमी फार सुंदर गोष्ट येते." एकदा एक विक्रेता लिफाफा पुढे करून म्हणाला, "हे वैमानिक आमच्या मामांचे जिवलग मित्र हो!" ताई शांतपणे म्हणाल्या, "मग मामांना घेऊन या. लिफाफा राहू दे घरी."

आमच्या संग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात मी पहिल्यांदाच परीक्षक झालो, आणि त्याच प्रदर्शनात ताईंनी आपला सर्वांत लाडका लिफाफा मांडला. धावपट्टीजवळ उभे राहून, विमान उतरल्याबरोबर त्यांनी स्वतः वैमानिकाकडून घेतलेली सही त्यावर होती. मी लिफाफा उलटा धरला. रेघ अडखळत गेलेली, मध्येच पेन उचललेले, शेवटचा फराटा कागदात रुतलेला. त्याच वैमानिकाच्या मी पाहिलेल्या इतर सह्या एका दमात वाहत गेलेल्या होत्या. नक्कल करणारा असाच थांबत थांबत लिहितो. मी सही बनावट असल्याचे जाहीर केले.

"अरे, माझ्यासमोर केली आहे त्यांनी. पेनसुद्धा माझंच होतं," ताई म्हणाल्या.

"ताई, गोष्ट ऐकायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?" मी हसून म्हणालो. सगळे हसले. ताईही हसल्या... मग लिफाफा उचलून म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." इतकी वर्षे मला अरे-तुरे करणाऱ्या ताई त्या दिवसापासून मला अहो-जाहो करू लागल्या. त्यांनी पुन्हा कधी काही प्रदर्शनात मांडले नाही. मंडळात लोक त्यांच्या बाकीच्या सह्यांकडेही जरा रोखून पाहू लागले होते. ज्या बाईने सर्वांना खरे-खोटे शिकवले, तिच्याच शब्दावरचा विश्वास मी उडवला होता.

पुढे ते वैमानिक एका व्याख्यानासाठी पुण्यात आले. मी त्यांची सही घेतली. ती एका दमात, देखणी उमटली. सहज म्हणून मी विचारले, "आपली सही कधी अडखळते का?" ते हसले. "उतरल्या उतरल्या कुणी मागितली तर! विमान नवं, कधी काय करील नेम नाही. विमान सांभाळायची दांडी इतकी घट्ट धरलेली असायची की नंतर बोटं सुटत नसत. पेन हातातून निसटायचं. देखणी सही हवी तर घरी या म्हणायचो." म्हणजे मी ज्यांच्याशी ताडून पाहिले, त्या सगळ्या निवांत बसून केलेल्या सह्या होत्या. मी थेट ताईंकडे जायला हवे होते. पण तोवर लोक माझ्याकडे सह्या तपासायला आणू लागले होते, आणि ते मला आवडू लागले होते.

दिवाळीत मात्र मी न चुकता त्यांच्याकडे जाई. "काय परीक्षक, चकली खरी आहे ना? की उलटी धरून बघताय?" असे त्या विचारीत. मी हसत असे, आणि सांगायचे ते घासाबरोबर गिळत असे. शेवटच्या भेटीत त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. "ताई, एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "सांगा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचारले, औषधे वेळेवर घेता ना? त्यांनी डोळे मिटले. "घेते हो."

गेल्या रविवारी मंडळाने त्यांची शोकसभा ठेवली. भाचीने त्यांचा संग्रह मंडळाला देण्यासाठी आणला होता. एक लिफाफा तिने वेगळा काढला आणि मला विचारले, "काका, हा खोटा आहे म्हणे. मावशीनं का ठेवला होता कोण जाणे. टाकून देऊ का?" मी तो तिच्या हातातून घेतला आणि उभा राहिलो. जे म्हणालो ते माझे मलाच जेमतेम ऐकू आले. मागच्या रांगेतून एक वृद्ध सभासद ओरडले, "अहो, जरा मोठ्यानं बोला, इथं काही ऐकू येत नाही!"

मग मी मोठ्याने म्हणालो, "ही सही खरी आहे. ताई खरं बोलत होत्या. मला ते माहीत होतं आणि त्या असेपर्यंत मी बोललो नाही. ताई, मला क्षमा करा."